दोन ओळी, बेचाळीस अक्षरं

३ मार्च, सोमवार. सकाळी ९

नवं काम आलं. पाच सिनेमे, पाच देश, पाच भाषा. फेस्टिव्हलचा विषय : जेवण, कुटुंब आणि मनाच्या जखमा भरून येणं. मराठी सबटायटल्स कोण करणार? अर्थात मी. एजन्सीच्या बाई फोनवर म्हणाल्या, बाकीचे दोघे बिझी होते म्हणून तुमच्याकडे आलो. बाईंचा स्वभाव पहिल्यापासून विनोदी.

नियम बावीस वर्षं तोच. एका वेळी दोन ओळी. ओळीला बेचाळीस अक्षरं, काना-मात्रा, टिंबं आणि मोकळ्या जागा धरून. माणसं पडद्यावर दहा वाक्यं बोलतात, त्यातली आठ फुकट असतात. ती आठ नेमकी ओळखून उडवायची, यात सगळी कला आहे. ती कोणाला दिसत नाही, कारण उडवलेलं दिसत नसतं.

ही मुलीकडे आहे. मुलीचा पाय फ्रॅक्चर झाला म्हणून पंधरा दिवसांसाठी गेली. आता सात महिने होतील. हाडाचं काम, वेळ लागायचाच. काल मुलीचा बॅडमिंटन खेळतानाचा फोटो पाहिला. तोल जरा डावीकडे जातोय. म्हणजे अजून बरी नाही.

संकल्प : आजपासून ब्लडप्रेशरची गोळी वेळेवर. जेवण वेळेवर. डायनिंग टेबल मोकळं करणे.

५ मार्च, बुधवार. दुपारी ३

पहिला सिनेमा संपवला. बर्फातलं गाव, विधुर कोळी, शहरातून परत आलेला मुलगा. नव्वद मिनिटं दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. मग बाप माशाचं सूप देतो. मुलगा एक चमचा घेतो आणि ढसाढसा रडतो. खेळ खलास.

गोळी विसरलो. सूप बघताना पाव खाल्ला. हेही जेवणच.

७ मार्च, शुक्रवार

दुसरा सिनेमा. दोन बहिणी, एक बेकरी, अठरा वर्षांचा अबोला. शेवटी पाव मोडून अर्धा अर्धा. दोघी रडतात.

घड्याळ लावून पाहिलं. पहिल्यात चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला रडणं, दुसऱ्यात सत्त्याण्णवाव्या. म्हणजे यात एक पद्धत आहे. एक वाडगा, एक टेबल, समोरासमोर दोन माणसं. बोलायची गरजच नाही. जगातल्या दिग्दर्शकांना हे कळलंय आणि लोक समुपदेशकांकडे जातात.

टेबल आज मोकळं करणार होतो. पण त्यावर दोन मॉनिटर, सात हार्ड डिस्क, चार शब्दकोश, प्रिंटर आणि मागच्या नऊ वर्षांचे कागद आहेत. हे काम उरकायचं नसतं, विचार करून करायचं असतं. टेबल माझं ऑफिस झालं तेव्हापासून ही स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्याने जेवते. तिला तशी आवड आहे.

८ मार्च, शनिवार. सकाळी

चेकरचा मेल. चेकर म्हणजे एजन्सीतली तपासणारी मुलगी. वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान, लाल रंगाची भारी हौस. म्हणते की कोळी बावन्नाव्या मिनिटाला चाळीस सेकंद बोलतो आणि तुमचं सबटायटल आहे "मला राग आलाय". तो बायकोच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलतोय, त्यातलं काहीतरी येऊ द्या.

उत्तर लिहिलं की चेहरा दिसतोय ना. चेहऱ्यावर सगळं आहे. मेल फार लांब होता, उरलेला नंतर वाचू.

१० मार्च, सोमवार

ठरलं.

तिसरा सिनेमा काल पाहिला. परक्या देशात आलेली आजीबाई, सुनेशी पटत नाही, कोणाची भाषा कोणाला कळत नाही. म्हातारी एका कंदाचं दाट सूप करते आणि घरातले सगळे टेबलाशी येऊन बसतात. सून तिचा हात धरते. अठ्ठ्याऐंशीवं मिनिट! रेकॉर्ड.

मी हे सूप करणार. हिला जेवायला बोलावणार. रविवार, तेवीस तारीख. भिंतीवर प्रोजेक्टर लावून तोच सिनेमा दाखवणार, माझ्या सबटायटल्ससकट. समोर सूप, समोर सिनेमा. मग ती कशाला परत जाते?

तसं आमच्यात काही बिनसलेलं नाहीच. पण सात महिन्यांत घराचा ताल जरा बिघडलाय. कुंडीतलं झाड वाळलं. मोज्यांच्या जोड्या जमत नाहीत. संध्याकाळी दार वाजलं की मी स्पीकर बंद करतो, आणि दार शेजारचं असतं. याचा मला त्रास होतो, हे इथे लिहायला हरकत नाही.

मेसेज पाठवला : "रविवार २३. सकाळी ११. जेवण. सरप्राइज." चारच गोष्टी, पण सगळं आलं.

१२ मार्च, बुधवार. सकाळी १०

हिचं उत्तर आलं. व्हॉइस मेसेज. सात मिनिटं चाळीस सेकंद!

बावीस वर्षं सांगतोय की मुद्द्याचं बोल. पन्नास सेकंद ऐकला. गॅस संपत आला असेल तर आधीच नोंदवा, झाडाला पाणी घालता का, गोळ्या चालू आहेत का, रविवारी अकराला मी येते. झालं. मुद्दा आला. पुढे नेहमीची सवय म्हणून ती बोलत राहिली असणार. माणूस हो म्हणाला की पुढचं सगळं शिष्टाचार.

वहीत दोन ओळींत उतरवून घेतलं :
"गॅस, झाड, गोळ्या.
रविवारी अकराला येते."

सदतीस अक्षरांत अख्खी बायको. चेकरला दाखवायला हवं.

१४ मार्च, शुक्रवार. दुपारी

मुलीचा फोन. बराच वेळ बोलली. आईने मेसेज पाठवलाय तो ऐकलात का, नीट ऐकलात का, शेवटपर्यंत ऐकलात का. एकच प्रश्न तीन वेळा. मी म्हणालो, ऐकला, तयारी जोरात चालू आहे. मग म्हणाली, बाबा, तुम्ही खरंच तयारी करताय? मी म्हणालो, टेबलसुद्धा मोकळं करतोय. मग बरं म्हणून फोन ठेवला.

आनंद झाला असणार, पण दाखवत नाही. आईवर गेली आहे.

१५ मार्च, शनिवार

कंद आणला. भाजीवाल्याने विचारलं, किती माणसं? मी म्हणालो, दोन. त्याने तीन किलो दिला.

रेसिपी सिनेमात आहे. पण परत अख्खा सिनेमा कोण बघतो? माझी सबटायटल्सची फाईल उघडली. सुटसुटीत, मुद्देसूद. "कंद सोल. चीर." "मंद आचेवर ठेव." "आता कांदा." चार ओळींत पाककृती. स्वयंपाकाची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी यातून काहीतरी शिकावं.

उद्या रंगीत तालीम.

१६ मार्च, रविवार. दुपारी २

सूप झालं. रंग हुबेहूब. पडद्यावर दोन मिनिटांत होतं, मला साडेतीन तास लागले, पण तिथे एडिटर असतो.

चव बघायला वरच्या मजल्यावरच्या सरांना बोलावलं. सर निवृत्त भूगोलाचे शिक्षक, एकटे असतात, कधीही रिकामे. दोन चमचे खाल्ले. तिसऱ्याला गळा धरला. डोळ्यांतून पाणी. मला क्षणभर वाटलं, पद्धत लागू पडली. एवढ्या लवकर!

तसं नव्हतं. घशाला खाज सुटली होती. बोलताच येईना. सरांना मुळातच घशाचा त्रास आहे, वर्गात ओरडून ओरडून झालेला. मीही थोडं चाखलं होतं. माझा घसाही खवखवतोय, पण हवा बदलतेय.

१७ मार्च, सोमवार

हवा नाही. ओठ सुजले आहेत.

फोनवर एजन्सीच्या बाईंना काही सांगता येईना. त्या म्हणाल्या, आज पहिल्यांदा तुम्ही माझं पूर्ण ऐकून घेतलंत.

१८ मार्च, मंगळवार

डॉक्टरकडे गेलो. गोळी, मलम, ब्लडप्रेशर वाढलेलं. डॉक्टरने विचारलं, रोजची गोळी घेता ना? मी मान हलवली. मान कुठल्या दिशेला हलवली हे त्याने विचारलं नाही.

सर जिन्यात भेटले. हातानेच विचारलं की त्यात काय होतं. मी हातानेच सांगितलं, प्रेमाने केलं होतं.

सिनेमा क्रमांक चार सुरू. डॉक्टर असतो, तो रोग्यांना औषधाऐवजी रस्सा देतो. आज हा सिनेमा मला नको होता.

२० मार्च, गुरुवार. सकाळी ११

चेकरचा मेल, तिसरा सिनेमा. पहिल्या दोन ओळी वाचून बंद करणार होतो, पण तिसऱ्या ओळीत "कंद" दिसलं.

लिहिते की एकतिसाव्या मिनिटाला म्हातारी सुनेला सांगते, कंद चिरून रात्रभर आंबट पाण्यात ठेव, ते पाणी सकाळी फेकून दे, नाहीतर घसा धरेल. हे वाक्य तुम्ही उडवलंय. सगळ्या सिनेमात म्हातारी सुनेची काळजी करते ते एवढंच. तेच गेलं तर सून शेवटी हात का धरते?

फाईल बघितली. उडवलं होतं. शंभर अक्षरांच्या वर जात होतं आणि पुढच्या शॉटला किटली शिट्टी मारते, जागा नव्हती. कोणीही उडवलं असतं.

परत घातलं. जागा निघाली. किटलीवर घातलं.

चेकरला उत्तर पाठवलं : "बरोबर." तिने एक हसरा चेहरा पाठवला. सहन केला.

दुपारी ४

टेबल मोकळं करायला घेतलं. एक मॉनिटर बेडवर, एक खिडकीत. हार्ड डिस्क बुटांच्या कपाटात. कागदांत मुलीची चौथीतली प्रगतिपुस्तकं सापडली, आणि हिच्या शिवणकामाच्या चिठ्ठ्या. छाती छत्तीस, बाही सव्वासात, असल्या. ही शिवायची हे मी विसरलोच होतो. हे टेबल तिने शिवणाच्या पहिल्या कमाईतून घेतलं होतं. तेव्हा यावर कापड बेतायची. मग मुलगी अभ्यास करायची. मग माझं ऑफिस.

२२ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६

टेबल मोकळं. तीन दिवस लागले. पाठ कामातून गेली. ओल्या फडक्याने पुसलं, मग कोरड्याने. लाकडाचा रंग मी समजत होतो त्यापेक्षा फिका निघाला.

कंद चिरून लिंबाच्या पाण्यात ठेवला. हातांना खाज आली, पण योग्य कारणासाठी. वाडगे दोन, चमचे दोन. प्रोजेक्टर सरांचा, त्यांनी दिला. त्यांचा आवाज अजून बसलेलाच आहे, त्यामुळे लवकर सुटलो.

मेसेज परत ऐकावा का, असं मनात आलं. सहा मिनिटं पन्नास सेकंद उरलीत. पण उद्या ती स्वतःच येतेय. प्रत्यक्ष ऐकू.

२३ मार्च, रविवार. सकाळी १०.१५

सूप झालं. खाज नाही. चव खरोखर चांगली. दोनदा चाखून खात्री केली आणि ओट्यापाशी उभा असताना जाणवलं की इथे पाठीला फारच त्रास होतो.

नवा शर्ट. गोळी ती आल्यावर घेऊ.

दुपारी २

जसं झालं तसं लिहितो.

अकराला पाच कमी असताना बेल. ही. बारीक झाली आहे की केस कापले आहेत, मला नक्की सांगता येत नाही. मी बाजूला झालो, हात पुढे करून टेबल दाखवलं. ती तिथेच थांबली. बराच वेळ टेबलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, केलंत मोकळं. मी म्हणालो, तीन दिवस लागले. तिने विचारलं, मेसेज पूर्ण ऐकलात? मी म्हणालो, हो, ऐकला की.

बावीस वर्षांची सवय. तोंडातून आपोआप गेलं.

तिने दोनदा मान हलवली. शेवटपर्यंत? मी म्हणालो, हो म्हटलं ना. ती म्हणाली, बरं. मग जिन्यात जाऊन खाली हाक मारली. टेम्पोवाला आणि त्याचा जोडीदार वर आले.

मला वाटलं टेबल खिडकीकडे सरकवायचंय. सिनेमा तिथून बरा दिसला असता, म्हणून मीसुद्धा एक कोपरा उचलला. दारापर्यंत नेलं तरी मला तेच वाटत होतं. जिन्यात वळवताना टेम्पोवाला म्हणाला, काका, तुम्ही सोडा, तुम्हाला जमायचं नाही. मग मी सोडलं.

त्यानंतर शिलाई मशीन. मग लोखंडी कपाट. कपाटाच्या मागे मला चार मोजे सापडले.

मी विचारलं, जेवण? ती म्हणाली, मी जेवून आले, ते मी सांगितलं होतं. मग आत गेली आणि ओट्यापाशी उभी राहून पातेल्यातला एक चमचा चाखला. म्हणाली, मीठ बरोबर आहे. कंद पाण्यात ठेवला होतात? मी म्हणालो, लिंबाच्या. ती जरा थांबली. मला वाटलं आता काहीतरी होणार. घड्याळ बघितलं नाही, पण अठ्ठ्याऐंशीवं मिनिट असंच असतं.

तिने चमचा विसळून जागेवर ठेवला. ओट्याखालच्या खणातून मोठी कात्री घेतली आणि गेली.

टेम्पोवाला जिन्यात बसून दोन वाडगे सूप प्यायला. छान झालंय म्हणाला. थोडं तिखट हवं होतं म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो रडला नाही. जोडीदाराने पातेलं पुसून घेतलं.

संध्याकाळी ५

जमिनीवर बसून मेसेज ऐकला. पूर्ण. हेडफोन लावून, थांबवत थांबवत, कामाचं ऐकतो तसा. काही उडवत नाही.

पहिलं मिनिट : गॅस, झाड, गोळ्या. रविवारी येते.

दीड मिनिट : पण जेवायला नाही. मुलीकडे तिने परत शिवणाची कामं घ्यायला सुरुवात केली आहे, बऱ्याच बायका येतात, कापड बेतायला जमिनीवर वाकावं लागतं. म्हणून मशीन, कपाट आणि टेबल नेईन. टेम्पो जावयाच्या ओळखीतला आहे.

तीन मिनिटं : टेबलाची तुम्हाला किती गरज आहे ते मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते. द्यायचं असेल तर मोकळं करून ठेवा. नसेल द्यायचं तर राहू दे तसंच, मी समजेन.

चार मिनिटं : इथे ती पाय मोडला तेव्हाचं सांगते. मुलगी खाटेवर, म्हणून ही तिच्या शेजारी बसून जेवायची. एकदा बाजारातलं काहीतरी सांगत होती आणि मधेच थांबली. तिला वाटलं, पुरे झालं. मुलीने विचारलं, मग काय झालं? ही म्हणते की घास हातातच राहिला. मग काय झालं, असं आपल्याला किती वर्षांत कोणी विचारलं नाही, ते तिला आठवेना. बाजारातलं काय होतं तेही ती सांगते. एक बाई छत्री विसरली आणि दुसऱ्या बाईने ती तिच्यामागे पळत जाऊन दिली, आणि ती छत्री तिची नव्हतीच. हे चांगलंच लांबवते. मला हसू आलं. हिला गोष्ट सांगता येते.

साडेसहा मिनिटं : मी रागावलेली नाही. फोनवर तुम्ही मुद्द्याचं बोल म्हणता, म्हणून हे असं बोलतेय. इथपर्यंत ऐकलंत तर एक करा. मला फोन करा. बाकी काही बोलू नका, ऐकलं एवढंच सांगा. मग टेम्पो राहू दे, मी जेवायला येते. टेबलावरचं सामान नुसतं बाजूला सारलंत तरी चालेल. फोन आला नाही आणि टेबल रिकामं दिसलं, तर तुम्ही सगळं ऐकून तेच ठरवलंत असं मी धरीन.

सात मिनिटं दहा सेकंद : काही नाही. श्वास ऐकू येतो. मागे कुकरची शिट्टी.

सात पस्तीस : गोळ्या घ्या.

संध्याकाळी ५.४०

फोन केला. काय बोलायचं ते आधी लिहून काढलं. सव्वातीन पानं झाली. एक शब्द कापला नाही. टेबल मी जेवणासाठी मोकळं केलं होतं इथपासून छत्रीपर्यंत सगळं त्यात होतं. छत्रीचं पुढे काय झालं, हेही विचारायचं होतं.

तिने उचलला. मागे बायकांचा आवाज, कात्रीचा आवाज, टेबलावर कापड पसरल्याचा आवाज. मी म्हणालो, मला तुझ्याशी बोलायचंय. ती म्हणाली, हातात काम आहे, दोघी खोळंबल्यात, थोडक्यात सांगा.

मी पहिलं पान बघितलं. दुसरं बघितलं.

म्हणालो, काही नाही, गोळी घेतली.

ती म्हणाली, बरं. फोन ठेवला. मग उठून गोळी घेतली.